कोरी चकती

अनघा, आज पहिल्यांदा तुला नावानं हाक मारतोय. तू होतीस तोवर म्याडम म्हणलो, आणि भांडणात 'ओ बाई' म्हणलो. लेकीच्या वयाची होतीस, पण शिकलेली लई, म्हणून जीभ रेटली नाही. आता हाक मारून काय उपयोग, असं माझी बायको महादेवी म्हणते. मी म्हणतो, उपयोग बघून बोलायला मी काय वकील आहे?

तुझ्या कॉलेजातली माणसं तुझ्या आठवणींचं पुस्तक काढणार आहेत. तुझ्या मिस्टरांचा फोन आला, "आप्पा, तुम्हीही लिहा. जमेल तसं." मी चौथी शिकलेला माणूस. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, पण मग तो मधी मधी आपलं शहाणपण घुसडणार. म्हणून मोठी मोठी अक्षरं काढत मीच लिहितोय. तू कुठं शिकलीस, तुला काय काय मिळालं, हे लिहिणारे तिकडं पुष्कळ आहेत. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मला माझ्या गच्चीवरची तू ठाऊक आहेस.

पहिल्यांदा आलीस ती भर दुपारी. शिरूर अनंतपाळच्या फाट्यावरून चालत, दोन्ही हातांत दोन पेट्या. मी ओट्यावर बसलेलो.

"आप्पा, तुमची गच्ची हवी होती."

"कशापायी?"

"हवा गोळा करायला."

"हवा? मग पोतं आणायचं की. पेटीत किती मावंल?"

तू हसली नाहीस. पेटी खाली ठेवलीस, घाम पुसलास आणि मास्तरणीसारखं समजावून सांगितलंस. हवेत बुरशीची बीजं उडत असतात, डोळ्याला न दिसणारी. कोणत्या महिन्यात कोणती बुरशी उडते ते तुला बघायचं होतं. एक यंत्र नांदेडला तुझ्या कॉलेजवर, एक तिकडं इस्लापूरला धबधब्याच्या ओल्या हवेत, आणि एक तुला आमच्यासारख्या कोरड्या, शेतीच्या गावात पाहिजे होतं. मी म्हणलो, गावात घरं काय कमी आहेत? तर म्हणालीस, "सगळ्यात उंच गच्ची तुमची आहे, आप्पा."

तिथंच मी पाघळलो. गावात पहिला स्लॅब माझा पडला, हे विसरायला लोक टपूनच बसलेत. तू परक्या गावची येऊन ते बोललीस. दोन वर्षं गच्ची दिली म्हणून शब्द देऊन टाकला.

यंत्र म्हणजे एक पंप, वर पत्र्याची छत्री आणि आत तळहाताएवढी पांढरी चकती. यंत्र हवा ओढायचं, हवेतलं जे असेल ते चकतीवर बसायचं. दर सोमवारी मी चकती बदलायची. हातात मोजे घालायचे, चिमट्यानं उचलायची, पाकिटात घालायची, पाकीट डब्यात आणि डबा नांदेडच्या गाडीत कंडक्टरच्या हाती. डबा आमचाच, स्टीलचा. झाकणावर 'सौ. महादेवी' असं कोरलेलं. तिच्या लग्नातला. तो डबा एवढ्या वेळा नांदेडला गेला की महादेवी म्हणायची, "माझ्या नावानं तरी यष्टीत फिरणं झालं."

आणि तुझा तो नियम. चकती उघडी असली की तोंडाला रुमाल बांधायचा आणि बोलायचं नाही.

"आप्पा, तुमचं बोलणं चकतीवर बसतं."

"मग तुमची चकती लई खमंग होईल की."

"म्हणूनच रुमाल बांधा म्हणते."

माझ्या घरी, माझ्या गच्चीवर मला गप्प करणारी पहिली बाई तू. महादेवीला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

महिन्यातून एकदा तू एक जादा चकती द्यायचीस. ती यंत्रात घालायची, यंत्र सुरू न करता लगेच काढायची आणि पाकिटावर 'कोरी' असं लिहून पाठवायची. मला त्याचा राग यायचा. "हवाच ओढली न्हाई तर त्यात काय बघायचं?" तू म्हणालीस, "हवेचं नाही, हाताचं बघायचं. चकती बदलताना आपल्याकडून काय लागतं ते." म्हणजे माझ्या हाताची तपासणी! मी म्हणलो, माझे हात स्वच्छ आहेत, सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय मी पाणी पीत नाही. तू म्हणालीस, "माझ्या हाताचीही कोरी चकती असते, आप्पा. हात कुणाचाच कोरा नसतो."

हे बोलणं मला तेव्हा लागलं होतं. आता तेच घोकत बसतो.

दसऱ्याची गोष्ट तू तुझ्या पोरांना वर्गात सांगायचीस म्हणे. सांगितलीस ते बरं केलंस. आम्ही दसऱ्याला नांगर पुजतो, मोटार पुजतो, पाण्याचा पंप पुजतो. मग गच्चीवरच्या पंपानं काय पाप केलं? मी आंघोळ करून वर गेलो. यंत्राला हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला आणि विभूती लावताना छत्रीच्या आतूनसुद्धा लावली. आत लावलेली जास्त पावते, असं वाटलं. दहा-पंधरा दिवसांनी तुझा फोन.

"आप्पा, या आठवड्यात तुमच्या हवेत काय झालं होतं? कधी नाही ती बुरशी निघालीय. साठवलेल्या मसाल्यावर असते तसली."

मी म्हणलो, "दसरा झाला."

मला वाटलं, आता रागावणार. पण पलीकडून तुझं हसणं ऐकू आलं. किती वेळ हसत होतीस! "आप्पा, देवाला सांगा, हळद जुनी आहे." महादेवीनं त्याच दिवशी हळदीचा डबा उन्हात वाळत घातला. मला मात्र धडकी भरली. बोटभर हळद माझ्या हातून लागलेली, ती या बाईला नांदेडला बसून कळते?

पुढच्या खेपेला तुला विचारलं. तू गच्चीवर उकिडवी बसून सांगितलंस. पूर्वी भिंगाखाली बीजं मोजायचे, पण सगळी गोल गोल, एकीसारखी दुसरी. आता चकती धुऊन ती बीजं फोडतात, आतला डीएनए काढतात आणि तो वाचतात. ज्याचं त्याचं लिखाण वेगळं. मी म्हणलो, म्हणजे लांबून बघितलं तर बैल तो बैल, पण देवणी कुठला आणि लाल कंधारी कुठला हे जाणत्यालाच कळतं, तसं? तू म्हणालीस, "तसंच. फक्त आम्हाला बैल दिसत नाही, त्याचा एक केस सापडतो. त्या केसावरून कुळी सांगायची." मग त्या केसाच्या लाख नकला करणारं मशीन असतं, हेही सांगितलंस. मी म्हणलो, लाख नकला केल्यावर ते खरं कसं? त्यावर तू म्हणालीस, "अव्वा चमचाभर विरजण लावतात, हंडाभर दही होतं. ते दही त्या विरजणाचंच ना?" महादेवीला सगळं गाव अव्वा म्हणतं, तूही म्हणायचीस. ती जिन्यातून ओरडली, "कळलं का आता? का अजून दाखला पाहिजे?"

तुझ्याशी भांडायला मजा यायची, अनघा. माझ्याशी कुणी नीट भांडत नाही आता. हो हो म्हणतात आणि निघून जातात.

खरं भांडण झालं ते शाळेत. वर्षभराच्या चकत्यांतून काय निघालं ते तू गावाला सांगायला आलीस. मीच लोकांना बोलावून आणलं होतं, पुढच्या रांगेत बसलो होतो, पटका नवा. तू सगळ्या बुरश्या सांगत सांगत एकीपाशी थांबलीस. तिचं इंग्रजी नाव लांबलचक. तिचा रंग धुरासारखा म्हणून तू आमच्यासाठी तिला 'धुरकटी' म्हणायचीस. ती इस्लापूरला नाही, नांदेडला थोडी, आणि आमच्या गावात मळणी झाल्यापासून थेट उन्हाळ्यापर्यंत बेसुमार.

"मी कुणाचं घर सांगत नाही," तू म्हणालीस. "सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ओलसर असताना घराला लागून रचला की ढीग आतून तापतो. त्या उबेत ही वाढते. सकाळी जनावरांसाठी ढीग उकरला की उडते. ज्याला दमा आहे त्याच्या छातीला ती फार वाईट."

घर सांगायची गरजच नव्हती. यंत्र कुणाच्या गच्चीवर होतं? स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून पुरुषभर उंच ढीग कुणाचा होता? आणि गावात कुणाच्या बायकोच्या छातीतून शिट्टी वाजत होती?

मागून आमच्या गल्लीतला बसू ओरडला, "ओ आप्पा, तुमची हवा लई श्रीमंत दिसायली की!" सगळी शाळा हसली.

मी उठलो. "माझ्याच गच्चीवर बसून माझ्याच घराला नावं ठेवता व्हय, ओ बाई? माझ्या बापानं बी तिथंच ढीग लावला. घरात एक माणूस खोकलं न्हाई."

तू हळूच विचारलंस, "आप्पा, तुमच्या वडलांच्या वेळी सोयाबीन होतं का?"

नव्हतं. ज्वारीचा खणखणीत वाळलेला कडबा होता. मी पटका सावरला आणि निघून गेलो. उत्तर असतं तर बसलो असतो.

तू मागं आलीस फाटकापर्यंत. मी म्हणलो, उचला तुमचं यंत्र. तू म्हणालीस, "उचलते. पण तुम्ही दोन वर्षांचा शब्द दिला होता." तू मला पुरतं ओळखून होतीस, त्याशिवाय का ते काढलंस? मी म्हणलो, "शब्द दिलाय तर चकती येईल. तुम्ही यायचं न्हाई."

तू आली नाहीस. दर सोमवारी डबा जात राहिला, बुधवारी नव्या चकत्या घेऊन परत येत राहिला. आधी त्यात तुझी चिठ्ठी असायची, 'अव्वांची तब्येत कशी?' अशी. आता नुसत्या चकत्या. मी डबा उघडून तळाला बोट फिरवून बघायचो. चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून.

इथून पुढचं तुला मी कधी सांगितलं नाही. ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

महादेवी निलंग्याला लेकीकडं गेली की तिचा श्वास मोकळा व्हायचा. मी म्हणायचो, लेकीच्या हातचं खाऊन बरं वाटतं. परत आली की तिसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी. न्हाणीतून स्वयंपाकघरात यायला आमच्या तीन पायऱ्या आहेत. एका सकाळी त्या तीन पायऱ्यांवर ती दोनदा टेकली. मी बघत होतो. तिनं वर बघितलं आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "काय न्हाई. जरा दम खाते." तिच्या मागं खिडकी होती आणि खिडकीत ती गुळी.

तीन दिवस लागले मला. बैलगाडीत भरून सगळा ढीग शेताच्या कडेला नेऊन टाकला, एकट्यानं. तोंडाला रुमाल बांधला होता, तू शिकवलास तसा. लोक विचारायला लागले, आप्पा, हे काय? मी खरं कसं सांगू? सगळ्या शाळेपुढं तुला बोललो होतो. बसू दात काढायला तयारच होता. मी म्हणलो, "नाग निघाला ढिगातनं. महादेवाचं जनावर, मारता येत न्हाई. म्हणून ढीगच हलवला."

सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की नागपंचमीला दोघी-तिघी येऊन त्या मोकळ्या जागेवर दूध आणि लाह्या ठेवून गेल्या. मी ओट्यावरून बघत बसलो. महादेवी पण गेली, हात जोडले आणि माझ्याकडं न बघता आत आली. तिची शिट्टी तोवर थांबली होती. अनघा, ती आता तीन पायऱ्या बोलत बोलत चढते. बोलणं कसलं, माझ्या नावानं शिव्याच.

पुढच्या सुगीची गुळीसुद्धा मी घराजवळ आणली नाही. वाळवून, शेतात दगडी चौथऱ्यावर रचली. पण तुला एक फोन केला नाही. दर सोमवारी वाटायचं, आज डब्यात चिठ्ठी टाकू. पेन घ्यायचो, 'म्याडम' लिहायचो आणि पुढं हात चालायचा नाही. मुदत संपली की सांगू, समोर आली की सांगू. मला वाटलं, तू काय कुठं पळून जातेस?

मुदत संपली तेव्हा तू आलीस. डोक्याला रुमाल बांधलेला. मी म्हणलो, "ऊन लई लागतं व्हय?" तू म्हणालीस, "हो आप्पा." गच्चीचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसलीस. मी म्हणलो, "शहरातली माणसं तुम्ही, लगेच दमता." तू म्हणालीस, "सवय राहिली नाही." मी, ज्यानं एका बाईला पायरीवर टेकताना बघून तीन दिवस गुळी उपसली होती, तो मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि मला काही कळलं नाही. तू केसावरून कुळी सांगणारी. मला समोर बसलेलं आख्खं माणूस वाचता आलं नाही.

वर गेल्यावर तू खिडकीच्या बाजूला वाकून खाली बघितलंस. म्हणालीस, "आप्पा, कंडक्टरनं सांगितलेला तो साप परत नाही ना आला?"

"न्हाई."

"येणार पण नाही ना?"

"मी हाय तवर न्हाई."

तू हसलीस, आणि यंत्र आणखी वर्षभर राहू द्या म्हणालीस. मी म्हणलो, राहू द्या. अव्वानं दिलेली शेंगाची चटणी पिशवीत घातलीस आणि गेलीस. तेव्हा तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

तू कायमची गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तुझ्या घरी नांदेडला जाऊन आलो. मिस्टर तुझे शांत माणूस. म्हणाले, "दोन वर्षं आजारी होती, कुणाला सांगू द्यायची नाही." मग आत गेले आणि आमचा डबा आणला, घासून पुसून. डब्यासोबत एक वही.

"आप्पा, हे तुमच्या गच्चीचं पान आहे. तुम्हाला दाखवावं वाटलं."

सगळं इंग्रजीत, आकडेच आकडे. त्यांनी धुरकटीच्या रकान्यावर बोट ठेवलं. वरपासून लांब लांब आकडे उतरत आलेले, आणि एका सोमवारपासून एकदम आखूड. पुढं सगळे आखूडच. पुढच्या सुगीलासुद्धा. जिथं आकडा बदलला तिथं समासात तुझं अक्षर होतं, मराठीत. मी बोट ठेवून वाचलं.

'गुळी हलली. विचारायचं नाही.'

मी दोनदा वाचलं. मिस्टर पाण्याचा पेला घेऊन उभे होते, तो मला दिसला नाही.

घरी येऊन महादेवीला विचारलं, "तू सांगितलंस का तिला, गुळीचं?" ती म्हणाली, "मी कशाला सांगू? तुमच्या नागाला मी सुद्धा हात जोडले की." मग चुलीकडं तोंड करून बसली.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. ज्या सोमवारी मी गप्प बसून चकती पाठवली, त्याच चकतीवर बसून माझी कबुली नांदेडला पोचली होती. आणि तू ती वाचलीस, वहीत घातलीस आणि माझी इज्जत झाकून ठेवलीस. तुझं खरं ठरलं हे ज्या एका माणसाकडून ऐकायचा तुला हक्क होता, त्याला तू विचारलंसुद्धा नाहीस. सापाची चौकशी करून गेलीस फक्त. माझ्यावर लई उपकार केलेस बाई. पण विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, ओरडलो असतो, आणि मग सांगितलं असतं. कदाचित सांगितलं असतं.

तुझ्या जागी आलेले सर यंत्र चालू ठेवणार आहेत. डबा त्यांच्याकडं जाईल. आज सोमवार. सकाळी रुमाल बांधून नेहमीची चकती बदलली, एक शब्द बोललो नाही, पाकीट बंद केलं. या महिन्याची जादा चकतीही आजच होती. ती यंत्रात घातली. मग रुमाल सोडून खिशात ठेवला, गुडघे टेकले आणि छत्रीच्या आत तोंड घालून सांगितलं, "अनघा, साप नव्हता. गुळीच होती. तुझं खरं होतं."

महादेवी जिन्यात उभी होती. तिनंच डबा पुढं केला.

चकती पाकिटात घातली. त्यावर 'कोरी' असं लिहायचं असतं. मी लिहिलं नाही.